घुमटीमागची हिरवळ

पल्लवी मॅडमनी लॅपटॉप तमन्नाकडे वळवला. "हे बघ, तुझं सत्तावीस नंबरचं ठिकाण. आजूबाजूचा सगळा डोंगर पिवळा पडलाय आणि हे अजून हिरवंगार आहे."

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. हिंजवडीतल्या त्या ऑफिसात एसी एवढा गार होता की तमन्नाने ओढणी खांद्यांभोवती लपेटून घेतली होती. पडद्यावर मुळशीचे डोंगर दिसत होते, उपग्रहाने वरून टिपलेले. दर पाच दिवसांनी नवा फोटो यायचा. त्यातल्या दहा मीटर लांब-रुंद अशा एकेका तुकड्यात किती चारा उभा असेल, हे पल्लवी मॅडमचा प्रोग्रॅम सांगायचा आणि त्यावरून नकाशा रंगवायचा. चारा भरपूर तिथे गडद हिरवा, बेताचा तिथे पिवळा, उजाड तिथे तांबडा. उद्या मुंबईहून पाहुणे येणार होते, प्रकल्पाला पाठबळ देणारे. त्यांना दाखवायला अशी एखादी जागा हवीच होती, असं मॅडम खुशीत सांगत होत्या.

 तमन्ना पौडची. तिच्या अब्बांचं, गनीभाईंचं, वेल्डिंगचं दुकान भर बाजारपेठेत असलं तरी डोंगर ती लहानपणापासून पाहत आली होती. दिवाळी उलटली की डोंगरावरचं गवत वाळतं, मग ते कितीही माजलेलं असो. नोव्हेंबरात उन्हाच्या अंगाला जे हिरवं राहतं ते गवत नसतं.

आणि सत्तावीस नंबरच्या ठिकाणी ती कधी गेलीच नव्हती.

पावसाळ्यात मॅडमच्या संस्थेने तिला चाळीस ठिकाणं नेमून दिली होती. प्रत्येक ठिकाणी जायचं, मीटरभराची लोखंडी चौकट गवतावर टाकायची, आतलं गवत विळ्याने कापायचं, वजन करायचं, फोटो काढायचा आणि सगळं फोनमधल्या ॲपमध्ये भरायचं. ही वजनं आणि त्याच दिवसांतले उपग्रहाचे फोटो जोडीने दाखवून प्रोग्रॅमला शिकवलं जायचं, की असा रंग दिसला तर एवढा चारा समजायचा. एकोणचाळीस ठिकाणं तिने स्वतःच्या पायांनी गाठली. पायाच्या जळवा उपटल्या, दोनदा घसरून पडली, एकदा चुकीच्या जागी कापणी झाल्याचं लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर चढली.

सत्तावीस नंबर मात्र घुमटीच्या डोंगराच्या मागच्या उतारावर होता. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी ती निघाली तेव्हा मधला ओढा कमरेएवढ्या पाण्याने धावत होता. ती अलीकडच्या काठावर बराच वेळ थांबली. पाणी उतरेना. आकडे त्याच दिवशी द्यायचे होते. शेवटी ती सव्वीस नंबरच्या जागी परत आली, तिथल्याच गवताचा दुसऱ्या बाजूने एक फोटो काढला, नकाशावरची जागा हाताने टाकली आणि वजनाच्या रकान्यात सव्वीसपेक्षा थोडा कमी आकडा लिहिला. सहाशे वीस ग्रॅम. घरी जाताना तिला चुटपुट लागली होती, पण चाळिसातलं एक, म्हणून तिने ती मनाआड केली.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित काही बिघडलं नसतं. पण ऑक्टोबरच्या अखेरीस वरवाडीत बैठक झाली. वरवाडी म्हणजे घुमटीच्या पोटाशी वसलेली वीस-बावीस घरांची धनगरवस्ती. त्यांचे खालचे माळ एकेक करत बंगल्यांच्या कुंपणात गेले होते आणि उरलेल्या गायरानावर सगळ्यांची जनावरं चरत असल्याने गवताला बी धरायलाही उसंत मिळत नव्हती. गायरान महिनाभर बंद ठेवायचं आणि तोवर ज्यांना जमेल त्यांनी जनावरं घुमटीमागे न्यायची, असं नकाशा पाहून ठरत आलं होतं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या देवूबाबांनी, वस्तीतल्या सगळ्यात जाणत्या गुराख्याने, तिला सर्वांदेखत विचारलं, "मी पाच वर्सं त्या अंगाला गेलो न्हाई. तू सोता बगून आलीस नव्हं?"

सगळी बैठक तिच्याकडे पाहत होती. पल्लवी मॅडम शेजारीच बसल्या होत्या.

"व्हय बाबा," ती म्हणाली होती.

गेल्या शुक्रवारी देवूबाबांनी आपली आणि शेजारच्या दोन घरांची मिळून अठरा जनावरं पलीकडे न्यायला सुरुवात केली. आज मंगळवार होता.

तमन्ना फोन करून येते म्हणाली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. देवूबाबांची सून सखू हिचा नंबर तिच्याकडे होता. वस्तीत फोनला रेंज फक्त सखूच्या अंगणातल्या आंब्याखाली मिळायची, त्यामुळे लागला तर लागला. तिसऱ्या वेळी लागला.

जनावरं कशी आहेत, असं तिने विचारलं. सखू म्हणाली, बाकी बरी आहेत, पण काळी कालवड दोन दिवस झाले तोंड लावत नाही. शेणही टाकत नाही. कान सुजलेत, नाकपुडी सुजली आहे. बाबा म्हणाले, गांधीलमाशी चावली असेल. म्हणून तिला आज गोठ्यात ठेवली आणि बाकीची घेऊन बाबा नऊलाच खिंडीपलीकडे गेले.

 ती पायरीवर बसली. कान सुजणं, नाक सुजणं, तोंड न लावणं. पौडच्या बाजारात गुरांवरची बोलणी ऐकत मोठ्या झालेल्या पोरीला हे ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. घाणेरी. रंगीत फुलांच्या गेंदांचं ते काटेरी झुडूप एरवी कुठलंही जनावर हुंगून सोडून देतं, पण दुसरं काही मिळालं नाही तर भुकेपोटी खातं, आणि मग त्याचं विष काळजात उतरतं.

"वैनी, तितं गवत नसणार. घाणेरी असणार. तुमी आत्ता जावा आणि समदी जनावरं भाईर काढा."

"नसणार म्हंजी? तू तर बगून आली हुतीस."

खालच्या मजल्यावरून कुणीतरी हसत वर येत होतं. तमन्नाने भिंतीकडे तोंड केलं.

"न्हाई वैनी. मी गेलेच नव्हते. मी खोटं लिवलं."

 फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला, लागला नाही. सखूने ठेवला की रेंज गेली, ती खिंडीकडे धावली की रागाने तशीच बसून राहिली, कळायला काही मार्ग नव्हता.

ती आत आली आणि खुर्चीवर न बसता पल्लवी मॅडमना सगळं सांगितलं. ओढा, फोटो, सहाशे वीस. मॅडम ऐकत असताना त्यांचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"बाकीची एकोणचाळीस?"

"ती खरी आहेत, मॅडम."

"हे मी आता कशाच्या जोरावर मानू?"

 तमन्नाने हेल्मेट उचललं. दारापर्यंत गेल्यावर मॅडमनी मागून हाक मारली आणि जनावरांचा डॉक्टर आहे का तुझ्या ओळखीचा, नाहीतर मी बघते, असं विचारलं. आहे, असं सांगून ती निघाली.

माणमार्गे घोटवड्याचा रस्ता तिने धरला. साडेअकरा वाजत आले होते. कंपन्यांच्या बस आणि सिमेंटचे मिक्सर यांच्यामधून स्कूटर काढताना तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार असे चार दिवस ती जनावरं त्या उतारावर काय खात असतील. घोटवडे फाट्यावर तिने स्कूटर कडेला घेतली आणि किशोर डॉक्टरांना फोन लावला. ते पिरंगुटचे. आता कासार आंबोलीत एका गोठ्यात होते, म्हैस अडली होती, वासरू आडवं आलं होतं. तिला सोडून निघणं शक्य नव्हतं; तास लागेल, कदाचित दोन. त्यांनी नेमके प्रश्न विचारले, कधीपासून, किती जनावरं, डोळे कसे दिसतात. मग सावकाश, समजेल असं सांगितलं, "उन्हात एक मिनिट उभं करू नका. या विषाने कातडी उन्हाला टिकत नाही, भाजल्यासारखी होते. अंधारात बांधा, पाणी पाजा. बाकी मी आल्यावर. आणि घाणेरीच आहे ना, खात्री आहे?"

"मी तिथेच चालले आहे. बघून सांगते."

पौड मागे टाकून ती धरणाच्या अंगाला वळली. डांबरी संपली तिथे तिने स्कूटर उभी केली आणि चढायला लागली. एरवी पाऊण तास लागायचा. ती अर्ध्या तासात वर पोचली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती.

सखूच्या घराला बाहेरून कडी होती. आंब्याखाली कुणी नव्हतं. गोठ्यात काळी कालवड अगदी आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तमन्नाने जवळ जाऊन तिच्या डोळ्याची पापणी वर केली. पांढरं असायला हवं तिथे हळदीसारखं पिवळं होतं. कालवडीने मान हलवली नाही, अंग चोरलं नाही. माशा नाकावर बसल्या होत्या, त्याही तिने हाकलल्या नाहीत.

शेजारच्या घरातल्या म्हातारीने सांगितलं, सखू मघाशी पळत गेली खिंडीकडे, पदराचंही भान नव्हतं तिला.  म्हातारीने उंबऱ्यातली दोन घोंगडी तिच्या हातात दिली, कशाला ते विचारलं नाही.

ओढ्याला आता घोटाभर पाणी होतं. सहा ढांगांत ती पलीकडे गेली.

खिंडीतून घुमटीमागचा उतार पहिल्यांदा तिच्या नजरेस पडला, आणि लांबून तो खरोखर सुंदर दिसत होता. आजूबाजूला सगळं वाळलेलं पिवळं कुसळ, आणि मधोमध उतारभर पसरलेला हिरवा गालिचा. उपग्रहाला जे दिसलं होतं ते तिलाही दिसलं. पन्नास पावलं उतरल्यावर वास आला. उग्र, रॉकेलमध्ये फुलं चुरडावीत तसा. आणखी पन्नास पावलांवर ती पुरुषभर उंचीच्या झुडपांसमोर उभी होती. गुलाबी-पिवळे गेंद, खरखरीत पानं, एकात एक अडकलेल्या काटेरी फांद्या. झुडपांमधल्या चिंचोळ्या वाटांवर जे काही गवत असेल ते मुळापर्यंत खाल्लेलं होतं. आणि वाटेकडच्या फांद्यांची पानं जनावरांच्या तोंडाच्या उंचीवर ओरबाडलेली होती.

तिने त्या ओरबाडलेल्या फांद्यांचे दोन फोटो काढले आणि जाळीत शिरली.

सखूने तोवर पंधरा जनावरं बाहेर काढून वरच्या उंबराखाली सावलीला उभी केली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले होते. तमन्नाला पाहून तिने जाळीच्या आत बोट दाखवलं. आत देवूबाबा दोन गायींपाशी बसले होते. मोरी आणि बाणी. दोघी झुडपाच्या दाट सावलीत बसल्या होत्या आणि काही केल्या उठत नव्हत्या. बाबा मोरीच्या गळ्याखाली खाजवत, हळू आवाजात तिला काहीतरी सांगत होते. मोरीचे कान ओल्या चामड्यासारखे जड होऊन खाली लोंबत होते.

"बाबा," तमन्ना म्हणाली. "मी खोटं बोलले तुमच्याशी."

"सखूनं सांगितलं."

ते तिच्याकडे पाहत नव्हते. गायीकडे पाहतच बोलत राहिले, संथपणे, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतायत.

"पैल्या दिशी हितं आलो तवा घाणेरी दिसली मला. आंधळा न्हाई मी. पर म्हनलं, पोरगी बगून आलीया, आत गवत आसंल. रोज थोडा आणकी आत जात गेलो."

तमन्नाला वाटलं, त्यांनी ओरडायला हवं होतं. तिला ऐकवेना, पण कान झाकण्याचा तिला हक्क नव्हता. तिने घोंगडी पुढे केली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, की ऊन लागता कामा नये. बाबांनी डोळे बारीक करून आभाळाकडे पाहिलं. दीड वाजला होता. खिंडीपर्यंतची सगळी चढण उघड्या उन्हात होती. सूर्य कलेपर्यंत इथेच थांबावं तर औषधाला उशीर होणार, आणि न्यावं तर ऊन.

"न्यायाची," बाबा म्हणाले.

दोन्ही घोंगडी त्यांनी गायींच्या पाठीवर टाकून पोटाखालून दोरीने आवळली. कान आणि नाकाडं तरीही उघडं राहत होतं. तमन्नाने ओढणी काढली, मधोमध फाडली आणि खिंड ओलांडून ओढ्यापर्यंत पळत जाऊन दोन्ही तुकडे भिजवून आणले. ते गायींच्या तोंडांवर डोळे तेवढे मोकळे ठेवून बांधले. मग तिघांनी मिळून मोरीला उठवलं. ती उठली, दोन पावलं टाकून पुन्हा बसली. पुन्हा उठवली. सखू पुढून दावं धरून, बाबा आणि तमन्ना दोन्ही बाजूंनी खांदा लावून. एका गायीला खिंडीत पोचवायला पाऊण तास लागला. तिला खिंडीतल्या सावलीत बांधून मग परत खाली येऊन दुसरी. बाकीची पंधरा उंबराखालून झाडांच्या सावल्या धरत सखूनेच एकटीने नेली. त्या सबंध वेळात तिघांत शब्द झाले ते "धर", "थांब" आणि "पाणी" एवढेच.

किशोर डॉक्टर साडेचारला वस्तीवर आले, शर्टाला अडलेल्या म्हशीच्या रक्ताचे डाग तसेच घेऊन. तमन्नाचे फोटो पाहून त्यांनी मान हलवली. कोळशाची बारीक पूड पाण्यात कालवून रबरी नळीने तिन्ही आजारी जनावरांच्या पोटात सोडली, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. बाकीच्यांचे डोळे एकेक करून तपासले. चार जनावरांना थोडं औषध पाजायला सांगितलं, उरलेली सुटली. निघताना ते म्हणाले, दोन गायी तगतील असं सांगता येईल, कालवडीचं सांगता येणार नाही, तिचं विष जुनं झालंय.

कालवड गुरुवारी सकाळी गेली. सखूने तिला बाटलीने वाढवली होती, तिची आई वितानाच मेली होती म्हणून. हे तमन्नाला त्या दिवशी, खड्डा खणताना, शेजारच्यांकडून कळलं.

दुकानात तिने अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी कटरचं बटण बंद केलं आणि हातमोजे काढले. मग, गायींना आता काय घालतात, असं विचारलं. डॉक्टरांनी दोन आठवडे अंधारात ठेवून कापलेलं गवत घालायला सांगितलंय, आणि बाबांचे गुडघे गेलेत, सखूला घरचं आणि शेतावरची मजुरी, असं ती म्हणाली. "मग तू जा," अब्बा म्हणाले. "रोज."

तिला पाठवण्याची गरज नव्हती, पण त्यांनी म्हटल्याने बरं वाटलं. वस्तीच्या गायरान समितीने आजारी गायींपुरतं गायरानातलं गवत कापायची परवानगी दिली. पहाटे निघून ती सातला गायरानात पोचायची, दोन भारे कापायची आणि गोठ्यात नेऊन टाकायची. पहिले चार दिवस देवूबाबा तिच्याशी बोलले नाहीत. ती भारा टाकायची, ते तो उकलून त्यातलं कुसळ निवडून बाजूला करायचे. पाचव्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, की खालच्या बांधाकडचं काप, ते मऊ असतं. मोरीच्या कानाची आणि नाकाची कातडी सालपटासारखी निघाली. डॉक्टरांनी दिलेलं मलम सखू लावायची, तमन्ना गायीचं डोकं धरून ठेवायची. एकदा तसंच धरून असताना सखू म्हणाली, "त्या दिशी तू फोन केला नसतास, तर मंगळवारीबी समदी सांजंपातूर तितंच ऱ्हायली आसती."  सखूने तिला दिलासा द्यायला म्हटलं नव्हतं. जे झालं ते तिने तसं सांगितलं होतं.

पल्लवी मॅडमनी दुसऱ्या दिवशीचा पाहुण्यांचा कार्यक्रम रद्द केला आणि नकाशा सगळ्यांच्या फोनवरून काढून घेतला. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः बूट घालून आल्या. तमन्नाच्या एकोणचाळीसपैकी बारा ठिकाणी त्या गेल्या. खोटं एकही निघालं नाही. पण घाणेरीला चारा समजण्याची चूक नकाशात आणखी तीन ठिकाणी होती, आणि एका चुकीच्या आकड्याने प्रोग्रॅमची ती समजूत पक्की केली होती. आता झुडपांचा रंग त्याला वेगळा शिकवावा लागणार होता. हे सगळं त्यांनी तमन्नाला गोठ्याबाहेर उभं राहून सांगितलं. तिचं काम गेलं आहे, हेही सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात अर्ज कर, मी वाचेन, त्याहून जास्त शब्द देत नाही, असं म्हणून त्या उतरणीला लागल्या. तमन्नाला राग आला नाही. मॅडमच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं, कदाचित अर्जाचं म्हटलंही नसतं.

सोळाव्या दिवशी किशोर डॉक्टरांनी दोन्ही गायींच्या पापण्या उलटून पाहिल्या. पांढरं पुन्हा पांढरं झालं होतं. उद्यापासून सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी तमन्ना निघाली तेव्हा देवूबाबा दारातून म्हणाले, "उद्या नगं येऊस. उद्या त्या आपल्या पायानं जातील."

तरीही ती गेली. गायरानाच्या कडेला, दगडाच्या गडग्यापाशी उभी राहिली. समितीने ते ठरल्यापेक्षा चार दिवस आधी उघडलं होतं. साडेसातच्या सुमारास जनावरं वरून उतरली. पंधरा जनावरं पुढे, मग बाणी, आणि सगळ्यांच्या मागे मोरी, दर चार पावलांनी थांबत, एक कान टोकाला झडलेला. देवूबाबा तिच्या चालीने चालत होते. त्यांनी तमन्नाला पाहिलं, पण ते थांबले नाहीत. मोरीने मात्र बांधाकडच्या गवतात तोंड घातलं आणि चरायला लागली. बाबा काठीवर रेलून तिच्यापाशी उभे राहिले, तशी तमन्ना पौडच्या वाटेला वळली.